कोल्ह्याच्या गावात कोंबड्यांचं घर

"तिकडे घरामागे कोंबड्या पाळू देतात?" हा प्रश्न मला गावाकडून फार येतो. देतात. इंग्लंडमध्ये १९५० चा अलॉटमेंट कायदा आहे, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेल्या जमिनीच्या तुकड्यांचा. त्यातलं एक कलम सांगतं की घराच्या करारात काहीही लिहिलेलं असो, तिथे राहणाऱ्याला स्वतःपुरत्या कोंबड्या किंवा ससे पाळता येतील आणि त्यांच्यासाठी खुराडंही बांधता येईल. धंदा करायचा नाही आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ द्यायचा नाही, एवढंच. कोंबडा मात्र त्या हक्कात बसत नाही. कायदा आला तेव्हा इथे अंडी अजून रेशनवर होती. युद्धाच्या काळात तर आपल्या वाट्याची अंडी सोडली की बदल्यात कोंबड्यांचं खाद्य मिळे, त्यामुळे परसात खुराडं असणं ही अगदी साधी गोष्ट होती. आता नोंदणी तेवढी करावी लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकच कोंबडी असली तरी ती सरकारदरबारी नोंदवायची, आणि तीही महिन्याच्या आत. पैसे पडत नाहीत.

आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात राहतो. एकाला एक चिकटलेली विटांची घरं आणि प्रत्येकामागे लांबट, अरुंद बाग. त्या बागेच्या टोकाला आमच्या चार कोंबड्या असतात. मी खुराड्याचा आराखडा कागदावर काढत बसले होते तेव्हा कराडहून आई फोनवर म्हणाली, "डालगं झाकायचं आन् वर दगड ठेवायचा. त्यात एवढं काय इंजिनेरिंग?"

आईचं तिच्या जागी खरं आहे. तिच्याकडे कोंबड्या दिवसभर गल्लीत हिंडतात, संध्याकाळी आपल्या पायांनी परत येतात. मुंगूस किंवा रानमांजर येतं, एखादी नेतं, दोन दिवस हळहळ होते. इथे येतो तो कोल्हा, आणि तो रानातला नाही, शहरात राहणारा. बागेतल्या शेडखाली त्याची बीळं असतात, कचऱ्याच्या डब्यांवर त्याची गस्त असते. वसंतात पिल्लं झाली की तो भरदिवसाही येतो. खुराड्यात शिरला की एक उचलून जात नाही, सगळ्या मारतो. त्यामुळे इथे खुराडं बांधताना कोंबडीला काय आवडेल हा विचार दुसरा. पहिला विचार कोल्ह्याला काय जमेल, हा.

दुकानात षटकोनी भोकांची जी पातळ 'कोंबड्यांची जाळी' मिळते ती कोंबडी आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. मी वेल्ड केलेली, १३ मिलिमीटर चौकोनांची जाळी घेतली, म्हणजे उंदीर-घुशींचाही प्रश्न मिटतो. ती यू-खिळ्यांनी नुसती ठोकली तर ओढून निघते, म्हणून स्क्रू आणि मोठे वॉशर. कोल्हा उकरतो ते भिंतीच्या अगदी पायथ्याशी. जाळीचा सुमारे ४५ सेंटीमीटरचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून खुंट्यांनी दाबला की त्याचे पंजे त्यावर अडतात, आणि चार पावलं मागे सरून तिथून बोगदा काढावा हे त्याला सहसा सुचत नाही. दोन-तीन महिन्यांत वर गवत चढतं, पट्टा दिसतही नाही. दाराला नुसती फिरकी चालत नाही. वर एक, खाली एक अशा दोन कड्या.

थंडीचं विचाराल तर माझ्या सासूबाई अजूनही हिटर लावलास का विचारतात. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते आणि वर पिसांची रजई. रेडिंगची थंडी तिला फारशी बाधत नाही. तिला त्रास होतो तो ओलीचा. रात्रभर बंद खोक्यात चार कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठा साचली की हवा दमट होते, अमोनिया डोळ्यांना झोंबतो, छातीचे आजार सुरू होतात. म्हणून छपराखाली, कोंबड्यांच्या डोक्यांच्या वर, समोरासमोर जाळी लावलेल्या फटी ठेवल्या. वारा वरून जातो, अंगावर येत नाही. बसायची दांडी सुमारे ५ सेंटीमीटर रुंद, चपटी आणि कडा गोल केलेली, म्हणजे पोटाची पिसं पायांच्या बोटांवर नीट येतात. दर कोंबडीला पाऊण वीत ते वीतभर जागा पुरे. दांडी अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच हवी. कोंबडी झोपायला नेहमी सगळ्यात उंच जागा शोधते. खोकं उंच असेल तर त्यातच झोपेल आणि सकाळी अंडी घाणीत सापडतील. चौघींना एक खोकंही चालतं. मी दोन केली. चौघी एकाच खोक्यासाठी रांग लावतात.

आमच्या कोंबड्या व्यावसायिक फार्मवरून निवृत्त झालेल्या आहेत. इथे ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट नावाची संस्था अशा कोंबड्या कत्तलखान्यापासून सोडवून घरोघरी देते. जुने बॅटरी पिंजरे, म्हणजे एकाला एक लागून रचलेले अरुंद पिंजरे, युरोपीय संघात २०१२ पासून बंद झाले, पण त्यांच्या जागी आलेल्या सुधारित पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला ७५० चौरस सेंटीमीटर येतात. म्हणजे ए-फोर कागदाहून थोडंच जास्त. तिथून आलेली कोंबडी अर्धी बोडकी असते, पाय अशक्त असतात, उतारावरून चालणं तिच्या बापजन्मी माहीत नसतं. त्यामुळे दांडी गुडघ्याएवढीच उंच आणि शिडीऐवजी बेताच्या उताराची फळी, तिच्यावर आडव्या रिपा. तयार खुराड्यांवर 'सहा कोंबड्यांसाठी' असं छापलेलं असतं. त्यात तीनच धराव्यात, असं माझं मत आहे.

छपराला डांबरी कागद लावू नये. त्याच्याखाली लाल गोचिडीसारखे बारीक जीव दिवसभर लपतात आणि रात्री येऊन कोंबड्यांचं रक्त पितात. नालीदार बिट्यूमेनचे पत्रे उचलून धुता येतात, आणि मुळात सांधे जितके कमी तितकं बरं. बाहेरच्या जाळीदार अंगणावरही पक्कं छप्पर हवंच. त्याचं कारण बर्ड फ्लू. ७ नोव्हेंबर २०२२ पासून १८ एप्रिल २०२३ पर्यंत इंग्लंडभर सगळ्या पाळीव कोंबड्या-बदकं आत ठेवायचा हुकूम होता. असा काळ पुन्हा आला तर कोंबड्यांनी अंधाऱ्या खोक्यात बसू नये म्हणून अंगणावर पारदर्शक पत्रा टाकला, म्हणजे उजेड येतो आणि रानपक्ष्यांची विष्ठा आत पडत नाही. उंची माझ्या डोक्याच्या वर ठेवली. वाकून झाडलोट करायची असेल तर ती रोज होत नाही.

आईला अजिबात न पटलेला नियम वेगळाच आहे. इथे कोंबड्यांना स्वयंपाकघरातलं काहीही घालणं बेकायदा आहे. उरलेला भात नाही, भाकरीचा तुकडा नाही, बटाट्याची सालंही नाहीत. २००१ मध्ये लाळ्या-खुरकताची मोठी साथ आली, तिचा माग डुकरांना घातलेल्या खरकट्यापर्यंत गेला, आणि खरकटं घालण्यावर बंदी आली. परसातल्या कोंबड्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. सूट आहे ती फक्त पूर्ण व्हीगन घरांना. "आम्ही शाकाहारी" म्हणून चालत नाही, कारण फ्रीजमध्ये दूध-दही असतंच. बागेतून थेट आलेलं चालतं. म्हणून मी मुळ्याचा पाला आणि मेथीची देठं बागेतच निवडते, पाटावर बसून, आणि मग जुड्या आत नेते. शेजाऱ्यांना हा आमचा काहीतरी सण वाटतो.

अंडी स्वस्त पडतात का? नाही. नुसत्या जाळीच्या पैशांत सुपरमार्केटची कितीतरी अंडी आली असती. शिवाय डिसेंबरात दिवस आठ तासांपेक्षाही लहान होतो आणि उजेड कमी पडला की कोंबड्या अंडी देणं जवळजवळ थांबवतात. कृत्रिम दिवा लावून चालू ठेवता येतं, पण निवृत्तांना कामाला लावणं मला बरं वाटत नाही. दार मी उजेडावर चालणारं, आपोआप उघड-बंद होणारं बसवलं. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, जूनमध्ये सव्वानऊनंतर, आणि रोज त्या वेळी कोण घरी असणार? पाणी, खाद्य आणि अंडी गोळा करणं तेवढं माणसावर उरतं.

ते काम आम्ही कराडला येतो तेव्हा शेजारच्या बाई करतात. मोबदला म्हणून अंडी त्यांची. मागे डिसेंबरात आलो होतो. या खेपेला फेब्रुवारीत यायचं ठरतंय. तोवर दिवस वाढून अंडी पुन्हा सुरू झालेली असतात, आणि तारीख बाईंनीच सुचवली आहे.