पक्षीनोंद ॲप, टप्पा चौथा: बंडलची वाटणी

मागच्या वेळी म्हटलं होतं, आता फोटोंची गॅलरी करते. ती राहिली. शनिवार-रविवार दोन्ही एका फाइलीमागे गेले: बंडल, म्हणजे ॲपचा सगळा कोड एकत्र बांधून ब्राउझरकडे जाते ती फाइल.

झालं असं, की घरातला जुना फोन काढून त्यावर ॲप उघडलं, तर पांढरा पडदा हटेचना. लॅपटॉपवर हेच ॲप चुटकीसरशी उघडतं. तसं वीट (Vite, कोड बांधून ब्राउझरसाठी तयार करणारं टूल) प्रत्येक बिल्डच्या, म्हणजे त्या बांधणीच्या, शेवटी बजावत होतं की एक चंक, म्हणजे बंडलचा तुकडा, ५०० केबीच्या वर गेलाय, पण मी ती ओळ दोन महिने नजरेआड केली. (हो, त्या टूलच्या नावाचा उच्चार ‘वीट’च. त्या रात्री मला तो आलाही.)

शेवटी व्हिज्युअलायझर (कशाने किती जागा घेतली ते चौकोनांनी दाखवणारं साधन) लावून बंडलचं पोट उघडून पाहिलं. सगळ्यात मोठा चौकोन नकाशाच्या लायब्ररीचा (आयत्या कोडचा), त्याखालोखाल आलेखांचा. माझा स्वतःचा कोड कोपऱ्यात कुठेतरी, शोधावा लागला. आणि ॲप उघडल्यावर दिसतं काय, तर साधी यादी! नकाशा मी आठवड्यातून एखाद्या वेळी बघते, आलेख त्याहून कमी. जीझिप या कॉम्प्रेशनमुळे फाइल येताना लहान होऊन येते खरी, पण ब्राउझरला ती वाचावी लागते पूर्ण उलगडूनच. जुन्या फोनचा प्रोसेसर तिथे धापा टाकतो, मग वायफाय कितीही चांगलं असो.

उपाय ठरलेला आहे. फाइलीच्या डोक्यावरचा इम्पोर्ट (दुसऱ्या फाइलीतला कोड आणणारी ओळ) काढायचा आणि गरज पडेल तिथे फंक्शनसारखा इम्पोर्ट() लिहायचा. तो प्रॉमिस, म्हणजे ‘कोड आला की कळवतो’ असा वायदा, देतो, आणि बिल्डच्या वेळी तो भाग वेगळ्या चंकमध्ये पडतो. जावास्क्रिप्टच्या ईएस २०२० आवृत्तीपासून हे भाषेतच आहे, आणि रिॲक्ट या पडदे बांधायच्या लायब्ररीत १६.६ पासून त्यावर लेझी (भाग लागेल तेव्हाच आणणारं) आणि सस्पेन्स (तोवर चकरी दाखवणारं). लेझीला डिफॉल्ट एक्स्पोर्ट, म्हणजे फाइलीने बाहेर दिलेली एकच मुख्य गोष्ट, लागतो; माझे सगळे नावाचे. ते बदलले, बिल्ड केलं, आणि मुख्य फाइल जशीच्या तशी! एक केबीही हलला नाही.

तासभर लेझीलाच दोष देत बसले. चोर निघाला भलताच. यादीत प्रत्येक पक्ष्यापुढे जो रंगीत ठिपका दिसतो, त्याचे सहा रंग मी कधीकाळी नकाशाच्या फाइलीत लिहिले होते आणि तिथून यादीत साध्या इम्पोर्टने आणले होते. सहा ओळींसाठी अख्खा नकाशा, लायब्ररीसकट, मुख्य बंडलमध्ये ठाण मांडून बसलेला. एकच मॉड्यूल (कोडची फाइल) दोन्ही पद्धतींनी मागवलं तर ते वेगळं काढता येत नाही. बिल्डच्या इशाऱ्यात दोन्ही फाइलींच्या नावांनिशी हेच लिहिलेलं होतं. रंग वेगळ्या फाइलीत हलवले आणि मुख्य फाइल ७४२ केबीवरून २९१ वर आली.

मग हाव सुटली. दिसेल ते तोडत सुटले. फिल्टरचा डायलॉग वेगळा, डिलीटची खात्री विचारणारी चौकटसुद्धा वेगळी. परिणाम असा, की बटण दाबलं की आधी गोल चकरी, मग दोन केबीची फाइल, मग ती चौकट. नकाशाचं तर आणखी वाईट: आधी चंक येणार, तो चालू झाल्यावर नोंदी मागवणार, म्हणजे एकामागे एक रांग. डायलॉग सगळे परत जागेवर ठेवले. नोंदींची मागणी आता क्लिकबरोबरच निघते, चंकची वाट न बघता. शिवाय टॅबवर माउस आला की तोच इम्पोर्ट() आधीच बोलावते. मॉड्यूल एकदा आलं की दुसऱ्यांदा डाउनलोड होत नाही. फोनवर होव्हर नसतो, तिथे पॉइंटरडाउन, म्हणजे बोट टेकल्याची सूचना, वापरलंय. बोट टेकून उचलेपर्यंतचा काय तो वेळ मिळतो.

नवं बिल्ड चढवल्यावर वेगळाच घोळ झाला. चंकच्या नावातला हॅश (मजकुरावरून ठरणारी अक्षरांची खूण) बदलला, जुने चंक सर्व्हरवरून गेले आणि आधीपासून उघड्या असलेल्या टॅबमध्ये नकाशा उघडेना. त्यासाठी ‘चंक आणता आला नाही’ असं सांगणारा वीटचा प्रीलोडएररचा इव्हेंट पकडून पान रीलोड करते. पण पहिल्याच खेपेला माझी अर्धी लिहिलेली नोंद त्यात गेली, म्हणून आता आधी मसुदा ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये जातो. रीलोडही एकदाच, टॅबपुरत्या सेशनस्टोरेजमधली खूण बघून. नाहीतर फाइल खरंच मिळत नसेल तर पान फिरतच राहतं.

हे सगळं करून एका पहाटे फिरायला गेले. टॅब उघडी, समोर खंड्या, आणि मोबाइलला रेंज नाही. ‘नवी नोंद’ दाबलं. चकरी. नोंदीचा फॉर्मही मी राउट (स्वतंत्र पत्त्याचं पान) म्हणून वेगळा तोडला होता, आणि तो चंक त्या सत्रात आलेलाच नव्हता. खंड्या उडून गेला तरी चकरी चालूच.

फॉर्म मुख्य बंडलमध्ये परत आणलाय. फाइल २९१ वरून ३०८ झाली. बाकीचे चंक पडदा दिसल्यानंतर मागच्या मागे कॅशेत भरायला सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे चालणारी स्क्रिप्ट) लिहायला घेतलाय, तो अजून अर्धाच आहे.