बागेतला नळ आणि गच्च पिळणारी माणसं

बाथरूमचा नळ रात्री ठिबकायला लागला की कुणीतरी वैतागून उठतंच, पण बागेतला नळ महिनोन्महिने गळत राहतो आणि कुणाला त्याचं काही नाही. मातीत पडणाऱ्या थेंबाला आवाज नसतो ना. शिवाय मनाची समजूत घालायला एक वाक्य कायम तयार, "झाडांनाच जातंय की". कसलं जातंय! नळाखाली हातभर चिखल, त्यावर शेवाळ, गोगलगायींची चैन, आणि दोन पावलांवरची कुंडी कोरडी ठणठणीत.

तिथे एकदा बादली ठेवून बघा. तळाला थोडं पाणी साचलं की टुप्‌ टुप्‌ सुरू होतं, आणि मग ते जे डोक्यात जातं ते जातंच. यातली गंमत म्हणजे तो आवाज थेंब आपटल्याचा नसतोच. थेंब शिरतो तिथे पाण्यात खळगा पडतो, तो मिटताना खाली हवेचा इवलासा बुडबुडा अडकतो आणि थरथरतो, आवाज त्याचा. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठात अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाय-स्पीड कॅमेरा आणि माइक लावून हे दाखवलं, आणि पाण्यात भांडी घासायचं लिक्विड टाकलं की आवाज बंद होतो हेही. गळती अर्थातच चालू राहते, सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे ८६,४०० होतात.

दुरुस्ती म्हणाल तर बहुतेक वेळा एका वायसरची असते. साधा पितळी नळ आतून अगदी भाबडा असतो, मूठ फिरवली की तिला जोडलेला दांडा, म्हणजे स्पिंडल, खाली जातो, त्याच्या टोकाचा रबरी वायसर भोकावर बसतो, पाणी बंद. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कंपनीने १८४५ मध्ये असे नळ बनवायला घेतले, आणि बागेत अजून बऱ्याच ठिकाणी तोच प्रकार चालू आहे. मला तो आवडतो, कारण खोलता येतो. नवे अर्ध्या फेरीत बंद होणारे नळ दिसायला झकास पण बिघडले की आतला अख्खा तुकडाच बदला.

आधी मागचा कॉक बंद करायचा, नळ उघडून उरलंसुरलं पाणी जाऊ द्यायचं आणि मग वरचा नट. बाहेरचा नळ ऊन पाऊस खाऊन असतो, क्षार साचून आटे धरलेले असतात, त्यामुळे इथे घाई नको. एका पान्याने नळाचं अंग धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर नट राहतो जागच्या जागी आणि भिंतीतला पाइप पिळला जातो, मग वायसरचं काम गवंड्याकडे जातं.

स्पिंडल बाहेर आला की जुना वायसर हातात घेऊन नीट बघावा, त्यात सगळं लिहिलेलं असतं. कडक झालेला, कडेला चिरलेला, आणि मधोमध गोल चर, नख आरामात बसेल एवढा. ही जोराने पिळल्याची निशाणी. नळ गळतो म्हणून जास्त पिळायचा, पिळल्याने रबर आणखी चेचतं, म्हणून आणखी पिळायचा. रबर संपलं की पितळेवर पितळ घासतं आणि जिथे वायसर बसतो त्या कडेलाच खाच पडते. नळात बोट घालून ती कड चाचपायची, खरखर लागली तर नवा वायसरही फार दिवस टिकत नाही, कड घासून तरी घ्यायची नाहीतर नळच बदलायचा. परत बसवताना मूठ उघडी ठेवायची, म्हणजे नट आवळताना नवाकोरा वायसर चेपत नाही.

आणि पाणी तोंडातून न येता मुठीखालून येत असेल तर वायसरचा दोष नाही, तिथला छोटा नट जरासा आवळून बघायचा, नाही थांबलं तर आतलं पॅकिंग बदलायचं.

आता खरी अडचण. नवा वायसर दोन बोटांनी बंद होतो, पण घरातल्या हातांना सवय जुन्या नळाची. पहिल्याच संध्याकाळी झाडांना पाणी घालून कुणीतरी आत येतं आणि मोठ्या कौतुकाने सांगतं, "काळजी करू नका, मी नळ अगदी गच्च पिळून आलोय!"