मंजिष्ठेचा लाल आणि टँकरचं पाणी

माझी पहिली लोकर रंगली नाही, कारण ती लोकर नव्हतीच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाराचं तोरण उतरवलं. आमच्या मजल्यावरच्या चारही घरांचा झेंडू एका पिशवीत गोळा झाला होता. झेंडूच्या पाकळ्यांनी लोकर सोनेरी होते असं वाचलं होतं, म्हटलं बघू. जुन्या स्टीलच्या पातेल्यात पाकळ्या तासभर उकळल्या, पाणी गाळलं, कपाटातली लोकरीची पांढरी गुंडी सोडून त्यात बुडवली. पाणी इतकं देखणं सोनेरी झालं होतं की मी फोटो काढून भाचीला पाठवला. मग लोकर बाहेर काढून नळाखाली धरली, तर सगळा रंग मोरीत. हातात जशीच्या तशी पांढरी लड. आमचे हे म्हणाले, "धुतलीस मात्र छान."

चूक माझीच होती, पण कुठली ते कळायला दोन दिवस लागले. कोणीतरी सांगितलं, धागा जाळून बघ. खरी लोकर म्हणजे मेंढीचे केस. पेटवली की केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की आपोआप विझते आणि राख बोटांत चुरडता येते. माझा धागा वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी झाला. अ‍ॅक्रिलिक. मग वेडच लागलं. घरातल्या उरलेल्या सगळ्या गुंड्यांचं एकेक टोक पणतीवर धरलं. गेली तीस वर्षं मी लोकरीचे स्वेटर विणते म्हणून नातेवाइकांत माझं नाव आहे, आणि त्यातले बहुतेक प्लास्टिकचे निघाले. घरात खात्रीची लोकर एकच होती, आजोबांची घोंगडी. धनगरी मेंढीची, खरखरीत, अंगाला टोचणारी. तिचा काळा कधी विटला नाही, कारण तो कोणी चढवलेलाच नाही, मेंढीचा स्वतःचा आहे.

तेव्हा न रंगवलेली, मेरिनो मेंढीची मऊ लोकर मागवली. शंभर-शंभर ग्रॅमच्या पाच लडी. किंमत बघून ह्यांनी काही म्हटलं नाही, पण चष्मा काढून पुसला.

पाचातली पहिली लड मी धुण्यातच घालवली. रंगवायच्या आधी लोकरीतला तेलकटपणा जायला हवा, म्हणून रिठ्याच्या पाण्यात भिजवायची. इथवर ठीक. मी ती कडकडीत गरम पाण्यातून काढून थेट नळाच्या गार पाण्यात टाकली, वर कपडे पिळतात तशी पिळली. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. एकदम गरम-गार झालं आणि घुसळलं की ते एकमेकांत अडकतात, आणि मग सुटत नाहीत. लडीचा गोळा झाला, जाड, घट्ट, जाजमासारखा. आता तो गरम पातेल्याखाली ठेवते. तेव्हापासून नियम एकच: लोकर पाण्यात घालायची ती पाणी कोमट असताना, पाणी तापवायचं ते लोकरीसकट हळूहळू, आणि उतरवायची ती पातेल्यातच गार झाल्यावर. ढवळायचं नाही, नुसती वरखाली करायची. झोपलेल्या मुलाची कूस बदलतो तशी.

दुसऱ्या लडीचे मी दहा-दहा ग्रॅमचे तुकडे केले आणि हिवाळाभर त्यांच्यावर प्रयोग केले. आधी तुरटी. शंभर ग्रॅम कोरड्या लोकरीला बारा ग्रॅम तुरटी, खलबत्त्यात कुटून. सोबत सहा ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर, ते केकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. नुसतीच तुरटी जास्त पडली तर लोकर हाताला चिकट लागते. ही तुरटी एका बाजूनं धाग्याला धरते आणि दुसऱ्या बाजूनं रंगाला. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखी, फक्त हा मध्यस्थ लग्नानंतरही घरातच राहतो.

कांद्याची सालं कांदे-बटाटेवाल्याकडून फुकट मिळाली. पोतं रिकामं झालं की तळाशी उरतात ती. माझ्या मते नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी. कांदा कधी दगा देत नाही, तांबूस सोनेरी रंग देतोच. डाळिंबाच्या सालीनं मळका पिवळा दिला. बिटाचं पाणी पातेल्यात जांभळं-लाल दिसत होतं, धुतल्यावर लोकर मळल्यासारखी दिसायला लागली. बिटाच्या नादी लागू नका, जास्वंदीच्याही नको. झेंडूनं मात्र खऱ्या लोकरीवर अगदी तोरणाचा रंग दिला. एकदा पातेलं मोकळं नव्हतं म्हणून तोच झेंडू लोखंडी कढईत केला, तर पिवळ्याचा शेवाळी हिरवा झाला. कढईतलं लोखंड उतरलं होतं. मला तो हिरवा फार आवडला, पण तो चुकून आलेला म्हणून मोजत नाही.

आणि हळद. हळदीला तुरटीचीही गरज नाही, हात लावला की रंगते. दहा ग्रॅमचा तुकडा असा पिवळाधमक निघाला की मीच हरखले. मग त्यावर अर्ध्यापर्यंत पुठ्ठा बांधून खिडकीत ठेवला. आठवड्यानं पुठ्ठा काढला तर झाकलेला भाग पिवळा आणि उघडा भाग फिका, आजारी. खरं तर हे मला आधीच माहीत असायला हवं होतं. पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं की साबणानं डाग लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की जातो, हे आपल्याकडे कुठल्या बाईला माहीत नाही? तीच हळद, तेच ऊन. डाग म्हणून जातो तेव्हा बरं वाटतं, रंग म्हणून गेला की वाईट.

जानेवारीत भाचीचा म्युनिकहून फोन आला. बाळ ऑगस्टात येणार. "मावशी, पहिल्या थंडीचं टोपडं आणि मोजे तूच कर. आणि तुझ्या त्या झाडांच्या रंगात कर, केमिकल नको." तुरटीसुद्धा केमिकलच असते हे मी तिला सांगितलं नाही. पण पुढचं वाक्य ऐकून बसलेच. "लाल कर हं. छान लाल."

पिवळा कोणीही देतं, साल, फूल, पाला, काहीही उकळा. लाल देणारं फार थोडं आहे. माझ्या आवाक्यातली एकच होती, मंजिष्ठा. ह्या वेलीची मुळं आणि खोडं आयुर्वेदात वापरतात, त्यामुळे मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळाली. तोंडाला लावायला पूड मिळते तीही बघितली, पण ती महाग, शिवाय पूड धाग्यात अडकून बसते आणि मग विणताना मांडीवर तपकिरी धूळ पडत राहते. काड्या घेतल्या, अर्धा किलो. पेन्सिलीपेक्षा बारीक, वरून मळकट तपकिरी. एक मोडली, आत तांबूस होती. तेवढ्यावर विश्वास ठेवला.

आत्याला सांगितलं. ती शाळेत संस्कृत शिकवायची, आता गुडघ्यांमुळे घरातच असते. म्हणाली, "अगं, मंजिष्ठा घेतलीस ते बरं केलंस. आपल्या जुन्या लोकांनी प्रेमाचे प्रकार रंगाऱ्याकडूनच उचललेत. राग म्हणजे आपला मराठीतला नव्हे, संस्कृतातला, रंग आणि प्रेम दोन्ही. नीलीराग फारसा झळकत नाही, पण जातही नाही. कुसुंभराग झळकतो आणि जातो. मंजिष्ठाराग झळकतोही आणि जातही नाही." नीली म्हणजे नीळ, कुसुंभ म्हणजे आपली करडई. मी हळदीचं काय झालं ते सांगितलं तर हसायलाच लागली. "हरिद्राराग! क्षणभरच्या प्रेमाला तेच नाव आहे."

म्हणजे हिशेब हजार वर्षांपूर्वीच करून ठेवला होता, मी पुठ्ठा बांधून बसले होते.

मंजिष्ठेच्या कुळातल्या रंगाचं सुती कापड मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेलं सापडलं होतं. ते वाचून मला वाटलं, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी जमलंय ते गॅस आणि वजनकाटा असताना मला जमायला काय हरकत आहे.

नाही जमलं. फेब्रुवारीत एक अख्खी लड घातली. शंभर ग्रॅम लोकरीला शंभर ग्रॅम मंजिष्ठा, रात्रभर भिजवून, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून. सकाळी गॅस लावला आणि कांद्याच्या सालीसारखं खदखदू दिलं. दुपारी उतरवलं तेव्हा विटेचा रंग. वाळल्यावर त्याहून वाईट, जुन्या कौलासारखा. भाचीला फोटो पाठवला. तिनं बदामाचं चित्र पाठवलं आणि काही लिहिलं नाही.

दोन चुका होत्या. मंजिष्ठेत लालाबरोबर पिवळे आणि तपकिरी रंगही असतात. भिजवल्यावर पहिलं गार पाणी ओतून द्यायचं, म्हणजे त्यातला बराचसा पिवळेपणा जातो. मी तेच पाणी मौल्यवान समजून ठेवलं होतं. आणि आच. पाणी सत्तर अंशांच्या वर गेलं की तपकिरी वर येतो आणि लाल मरतो. केकसाठी घेतलेला थर्मामीटर पातेल्याला टांगला आणि मार्चमध्ये झेंडूसाठी ठेवलेल्या चौथ्या लडीचे तीस ग्रॅम रंगवले. या वेळी लाल आला, पण नारिंगीकडे झुकलेला, कोवळ्या गाजरासारखा. भाची "छान आहे" म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली तो मला कळतो, मी तिला लहानाची मोठी केली आहे.

एप्रिलमध्ये आमच्याकडे पाणीकपात सुरू झाली. महापालिकेचं पाणी दिवसाआड, मधल्या दिवशी टँकर. टँकर कुठल्यातरी बोअरचा. पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादल्यांच्या कडेला पांढरी खापरी धरते. सोसायटीच्या ग्रुपवर रोज भांडणं. मी लोकर धुवायला घेतली तर रिठ्याचाही हवा तसा फेस होईना, म्हणून धुण्यापुरतं नळाचं पाणी जपून ठेवलं. तुरटीही त्याच पाण्यात दिली. रंगाच्या पातेल्याला मात्र उरलं टँकरचंच. दुसरं नव्हतं.

पाचवी लड. पहिलं पाणी ओतून दिलं. साडेदहाला गॅस अगदी बारीक केला, लोखंडी तवा मध्ये ठेवला म्हणजे थेट आच लागू नये. कोमट पाण्यात लोकर सोडली, बाराच्या सुमारास पासष्ट अंश. तोवर पाणी चहासारखंच दिसत होतं, आणि मला वाटलं, झालं, पुन्हा कौल. तासाभरानं लाकडी काठीनं एक धागा उचलला. पाणी निथळलं आणि खाली कुंकवाचा रंग होता. ओल्या करंड्यात बोट बुडवल्यावर नखाच्या कडेला राहतो तो. मी काठी तशीच धरून उभी राहिले, पाण्याचे थेंब ओट्यावर पडत होते, ते मात्र अजून चहाच्याच रंगाचे.

नंतर कळलं की जड पाण्यातला चुना मंजिष्ठेच्या लालाला मानवतो. आधी मलाही वाटलं होतं की पानवाल्याकडचा चिमूटभर चुना घालून बघावा, पण तो तीव्र असतो आणि लोकर म्हणजे केसच, कुरतडून निघाली असती. टँकरनं तेच काम बेतानं करून दिलं. ज्या पाण्यावरून मी सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन मेसेज केले होते, त्यांना आता तिसरा कुठल्या तोंडानं करणार?

रात्रभर लड त्याच पाण्यात मुरली. सकाळी काढून सावलीत वाळवली आणि आठवडाभर तशीच ठेवून मगच धुतली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बाळ टोपड्याची नाडी तोंडात घालणार हे गृहीत धरायचं, म्हणून ओला पांढरा रुमाल धाग्यावर घासून बघितला. पहिल्यांदा गुलाबी झाला. पुन्हा दोनदा धुतली, मग रुमाल पांढरा राहिला. रंग पालटायला हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार किंवा मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार वापरतात, तेही काष्ठौषधींच्या दुकानात दिसलं होतं. पण बाळाच्या कपड्याला मी ते शिवणार नाही. मोरचूद विषारी आहे, मग त्याच्या शेजारच्या डब्यात कितीही नैसर्गिक काड्या असोत. खिडकीत पुठ्ठा बांधून ठेवलेला तुकडा महिन्यानं सोडला, तर झाकलेला कुठला आणि उघडा कुठला हे ह्यांना ओळखता आलं नाही. मला आलं, पण चष्मा लावून.

उरलेल्या पाण्यात चौथ्या लडीचे राहिलेले सत्तर ग्रॅम टाकले, ते फिक्या डाळिंबी रंगाचे झाले. त्याचे मोजे. टोपडं लालच, कडेला दोन ओळी डाळिंबी.

जूनमध्ये पाऊस आला, टँकर बंद झाला. तो बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून गॅलरीत झाकून ठेवलेत. ह्यांना सांगितलंय, कुंड्यांना घालायचं नाही.