दिवाळ्याच्या कोळीवाड्यात: धावदोऱ्यात उतरलेली खाडी

पावसाळ्यात ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलमध्ये डावीकडची खिडकी मिळाली, तर पारसिकचा हिरवा डोंगर बराच वेळ सोबत करतो. बेलापूरला उतरून रिक्षाने किल्ले गावठाण गाठले आणि दिवाळे गावाच्या अरुंद गल्लीत शिरले, तेव्हा मासळी बाजार जवळजवळ रिकामा होता. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि ज्या मावशींना भेटायला मी निघाले होते, त्यांचे भरतकाम नेमके याच दोन महिन्यांत सर्वाधिक होते.

मावशींनी जुनी लुगडी एकावर एक अंथरून त्यांवर शिवलेली चित्रे लोखंडी पलंगावर पसरली. गोधडीचेच हे तंत्र. फरक एवढाच की, इथे धावदोरा थर जोडण्यापुरता न थांबता चित्रही काढतो. भरतकाम त्या कोणाकडे शिकल्या नाहीत. "मना कोन शिकवील, बाय? बघून बघून जमला," असे त्या म्हणाल्या. आधी पेन्सिलने रेघ मारण्याची पद्धत त्यांच्याकडे नाही. कापलेला तुकडा कापडावर ठेवायचा, लांबून पाहायचा, सरकवायचा आणि मग किनार दुमडून हेम घालायची.

मी सर्वाधिक वेळ थांबले ते खाडीच्या दोन चित्रांपाशी. एकात भरती आहे, दुसऱ्यात ओहोटी. दोन्ही ठिकाणी पाण्यासाठी निळ्या कापडाचा तुकडा जोडलेला नाही. पाणी केवळ टाक्यांनी झाले आहे. भरतीच्या चित्रात लहान, दाट टाक्यांच्या रांगा किनाऱ्याकडे सरकत येतात आणि होडीच्या बुडाशी आल्यावर वळसा घेऊन पुढे जातात. ओहोटीच्या चित्रात टाके लांब आणि विरळ होत जातात, त्यांच्यामधून खालच्या जुन्या परकराचा तपकिरी रंग वर येतो आणि तोच चिखल होतो. पाण्याची दिशा आणि ओढ केवळ टाक्याच्या लांबीने दाखवता येते, हे त्यांनी स्वतः शोधून काढले आहे. शिकवणाऱ्याने कदाचित आधी रंगांच्या छटा शिकवल्या असत्या आणि मग हा मार्ग त्यांना सुचलाही नसता, असे मला मनापासून वाटते.

जाळ्याचे चित्र आणखी वेगळे आहे. वाळत घातलेले जाळे त्यांनी कापडावर भरलेले नाही. बारीक दोऱ्याच्या खऱ्या गाठी मारून लहान आसाचे, म्हणजे लहान छिद्रांचे, जाळे विणले आहे आणि ते फक्त वरच्या कडेला टाचले आहे, त्यामुळे कापड उचलले की जाळे लोंबते. सुकत घातलेल्या जवळ्यासाठी फिकट गुलाबी दोऱ्याचे गाठी टाके आहेत, इतके जवळ जवळ की, बोट फिरवले तर खरखर लागते. लिलावाच्या चित्रात बायकांना डोळे-नाक नाही. पाटीवर झुकलेली पाठ आणि भाव सांगणारा हात एवढ्यावरून कोण चिडली आहे आणि कोण सौदा सोडून निघाली आहे, हे कळते.

१९७० साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा मावशी लहान होत्या. त्यांच्या चित्रांत मात्र उंच इमारती नाहीत. लोकलच्या डब्यात पाट्या घेऊन बसलेल्या बायका आहेत, नळावरची रांग आहे, दुपारी दारातच झोपी गेलेली सासू आहे. मागणीवरून केलेला एक गणपती पाहिला. तो सुबक आहे, पण त्यात मावशींचे निरीक्षण दिसत नाही. एका प्रदर्शनात त्यांना चौरस फुटाने भाव विचारला गेला होता. दोन-दोन महिने चालणाऱ्या अशा कामाचे मोल चादरीसारखे लावणे मला अन्यायाचे वाटते.

बंगालच्या कांथ्यात, म्हणजे तिथल्या गोधडीसारख्या भरतकामात, जुन्या साड्यांच्या काठांतून काढलेला दोरा वापरण्याची रीत होती. मावशीही लुगड्याच्या काठाचा दोरा काढतात, पण कांथ्याचे नाव त्यांनी माझ्याकडूनच ऐकले. चिलीच्या लोकगायिका व्हियोलेता पारा यांनीही आजारपणात अंथरुणावर असताना स्वतःहून भरतकाम सुरू केले होते आणि १९६४ साली त्यांच्या कामाचे प्रदर्शन पॅरिसमध्ये लूव्रच्या वास्तूतील सजावटी कलांच्या संग्रहालयात झाले. तागाच्या कापडावर लोकरीने केलेले त्यांचे एक चित्र मी फोनवर दाखवले, तेव्हा मावशींचा पहिला प्रश्न होता की, एवढ्या जाड लोकरीला सुई कुठली घेतली असेल.

सध्या त्यांच्या हाती धक्क्यावर बर्फ फोडण्याचे दृश्य आहे. पांढऱ्या दोऱ्याने भरलेला बर्फ मिठासारखा दिसला, म्हणून त्यांनी तो उसवला. सुनेने सुचवल्याप्रमाणे पांढऱ्या धोतराचे टोकदार तुकडे लावून पाहिले, तर ते बरे दिसले, पण ओलेपणा आला नाही. आता त्या तुकड्यांवर जुन्या ओढणीचा झिरझिरीत थर टाकून पाहायचा त्यांचा विचार आहे आणि होड्या पुन्हा पाण्यात जाण्याआधी हे काम त्यांना पुरे करायचे आहे.