४ साखळ्यांची फाइल, २४० साखळ्यांचे कवच

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातील प्रकल्पासाठी मी हेपटायटिस-बी विषाणूचे गाभा-प्रथिन निवडले, त्यामागे फार मोठा विचार नव्हता. मुंबईतल्या आमच्या महाविद्यालयात प्रथिने तयार करून शुद्ध करण्याची सोय बेताचीच होती, संगणक मात्र होते. आणि या प्रथिनाची १९९९ साली प्रसिद्ध झालेली, स्फटिकावरून ठरवलेली रचना प्रोटीन डेटा बँकेतून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. घरी विषय सांगितला तेव्हा आईने विचारले, "त्याची तर लस असते ना?" लशीत असते ते विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरचे प्रथिन. मी ज्याच्या मागे लागले होते ते त्याच्या आतले, विषाणूचा जनुकीय ऐवज सांभाळणाऱ्या कवचाचे. रक्ताच्या अहवालात 'अँटी-एचबीसी' अशी ओळ असते, ती या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची. केवळ लस घेतलेल्या माणसात ती नकारात्मक येते. हे समजावून सांगताना मलाही विषय थोडा अधिक कळला.

माझा प्रश्न साधा होता: कवचातील शेजारी-शेजारी बसलेल्या प्रथिनांना नेमकी कोणती अमिनो आम्ले धरून ठेवतात? त्यासाठी १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येची, म्हणजे साधारण पाण्याच्या रेणूएवढी, काल्पनिक गोळी प्रथिनाच्या पृष्ठभागावरून फिरवतात आणि प्रत्येक अमिनो आम्लाचे किती क्षेत्रफळ पाण्याला खुले आहे ते मोजतात. हीच मोजणी साखळी (म्हणजे अमिनो आम्लांची माळ, प्रथिनाची एक प्रत) एकटी असताना आणि शेजाऱ्यांसह असताना केली, की फरकावरून सांधा कुठे आहे ते कळते. मी १क्यूजीटी या संकेतांकाची फाइल उतरवली, तीत ए, बी, सी आणि डी अशा ४ साखळ्या दिसल्या, छोटासा पायथन प्रोग्रॅम लिहिला आणि दोन दिवसांत रंगीत आलेख तयार केले. इतक्या लवकर काम झाले म्हणून मी खुशीत होते.

मॅडमनी आलेख पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: "ए साखळीतले १३२ वे टायरोसिन असे उघडे कसे?" हे टायरोसिन बदलून तिथे त्याहून लहान अमिनो आम्ल अ‍ॅलनिन घातले, तर प्रथिनाच्या जोड्या तयार होतात, पण त्या जोड्यांचे कवच बनत नाही, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. जोड्या-जोड्यांमधला सांधा ज्याच्यावर टिकतो ते अमिनो आम्ल माझ्या आलेखात मात्र पाण्याला जवळजवळ पूर्ण खुले दिसत होते. प्रोग्रॅममध्ये चूक असेल म्हणून मी आठवडाभर तो तपासत राहिले. प्रोग्रॅम बरोबर होता. संगणकाला मी जे दिले होते, त्याचे त्याने अचूक उत्तर दिले होते.

डोनाल्ड कॅस्पर आणि आरन क्लुग यांनी १९६२ मध्ये मांडलेला सिद्धान्त मी परीक्षेसाठी पाठ केला होता: विंशतिफलकी, म्हणजे २० त्रिकोणी बाजूंच्या, कवचात प्रथिनाच्या प्रती ६० गुणिले टी इतक्या असतात, आणि टी ही संख्या १, ३, ४, ७ अशी ठरावीकच असू शकते. हेपटायटिस-बीच्या बहुतेक कवचांत टी ४ असतो, म्हणून प्रती २४०. हे सूत्र मला येत होते. फाइलमधल्या ४ साखळ्या म्हणजे त्या २४० पैकी पुन्हा पुन्हा वापरायचा एक तुकडा आहे, ही गोष्ट मात्र डोक्यात उतरली नव्हती.

ती उतरली कार्डपेपरमुळे. बाबा दिवाळीचा कंदील दरवर्षी घरीच करतात, त्यातला उरलेला कागद माळ्यावर होता. त्याचे २० समभुज त्रिकोण कापले, प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांत 'ए' लिहिले, प्रत्येक बाजूच्या मध्याजवळ 'बी', 'सी', 'डी' लिहिले आणि सगळे चिकटवून गोळा तयार केला. एका त्रिकोणावर १२ अक्षरे, एकूण २४०. गोळ्याच्या १२ टोकांपैकी कोणत्याही टोकाकडे पाहिले, की पाच 'ए' एकमेकांना भिडलेले दिसतात. ए साखळीचे १३२ वे टायरोसिन तिथेच, शेजारच्या ए साखळीच्या खाचेत शिरते; आणि ती शेजारची ए साखळी माझ्या फाइलमध्ये नव्हतीच. जो सांधा मला मोजायचा होता तो उतरवलेल्या तुकड्याच्या हद्दीबाहेर होता.

पूर्ण कवच उभे करण्याची कृती त्याच फाइलच्या मथळ्यात लिहिलेली असते. रिमार्क ३५० या शीर्षकाखाली ६० मॅट्रिक्स, म्हणजे तुकडा फिरवून कुठे ठेवायचा ते सांगणाऱ्या आकड्यांच्या चौकटी, असतात, प्रत्येकी तीन ओळींच्या, आणि त्या १८० ओळी मी पहिल्या दिवशी निरुपयोगी समजून वगळल्या होत्या. कायमेराएक्स या रेणूंची रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका आज्ञेने सगळे कवच पडद्यावर आले, तेव्हा लॅपटॉप ठप्प झाला. लॅमिंग्टन रोडवरून रॅम वाढवून आणल्यावर तो प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. प्रोटीन डेटा बँकेच्या जुन्या पीडीबी स्वरूपात साखळीच्या नावाला एकच अक्षर आणि अणूच्या क्रमांकाला पाचच अंक असतात. २४० साखळ्या आणि दोन लाखांहून अधिक अणू त्यात मावत नाहीत. साठही प्रतींतील ए साखळीला 'ए' हेच नाव राहिल्याने माझा प्रोग्रॅम त्या सगळ्यांना एकच साखळी समजत होता. शेवटी एमएमसीआयएफ हे नवे स्वरूप वापरले, आणि पूर्ण कवच न मोजता मधल्या ४ साखळ्या व त्यांच्यापासून १० अँगस्ट्रॉमच्या आत येणारे शेजारी एवढेच ठेवले. टायरोसिन झाकले गेले. तो आलेख मॅडमना पाठवताना मी काही लिहिले नाही, त्यांनीही फक्त "आता पुढे चल" एवढेच उत्तर दिले.

पुढचा टप्पा सिम्युलेशनचा, म्हणजे अणूंच्या हालचालींची संगणकावर नक्कल करण्याचा. पूर्ण विषाणूचे अणूगणिक सिम्युलेशन २००६ मध्ये प्रथम झाले, ते एका अगदी लहान वनस्पती-विषाणूचे, आणि त्यातही पाण्यासह सुमारे दहा लाख अणू होते. आमच्याकडच्या एका जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसरवर) ए-बी ही एकच जोडी झेपणार होती. इथेही एक खाचखळगा होता. दोन्ही साखळ्यांतील ६१ व्या क्रमांकाची सिस्टीन ही अमिनो आम्ले एकमेकांशी डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधला बंध) जोडू शकतात, आणि तो बंध मला हवा होता. पण ग्रोमॅक्स हे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर प्रत्येक साखळीला स्वतंत्र रेणू मानते, त्यामुळे साखळ्या मर्ज करण्याचा पर्याय दिल्याखेरीज तो बंध तयार होत नाही आणि त्यासाठी काम थांबतही नाही. प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होत असे, तेव्हा रन तोडावा लागे. दर १५ मिनिटांनी आपोआप जतन होणाऱ्या चेकपॉइंटमुळे सकाळी तो तिथूनच पुढे चालू करता येई.

अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची घडी सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय साधनाचाही मोह झाला. टायरोसिनच्या जागी अ‍ॅलनिन घातलेला क्रम दिला, तर जवळजवळ तीच घडी परत आली. एका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम सांगणे हे त्या साधनाचे काम नव्हे, म्हणून तो भाग मी प्रबंधातून काढून टाकला.

प्रबंध छापायला देण्यापूर्वी 'पद्धती' या प्रकरणातले पहिले वाक्य बदलले. आधी तिथे "१क्यूजीटी ही रचना विश्लेषणासाठी वापरली" असे होते. आता आहे: "१क्यूजीटीमधील ४ साखळ्यांवर ६० सममिती-क्रिया करून २४० साखळ्यांचे कवच उभे केले आणि प्रत्येक साखळी तिच्या सर्व शेजाऱ्यांसह मोजली."