पाय टेकेनात: सातारा ते शिकागो, इकॉनॉमीतून

लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने मला पाटावर उभं केलं होतं. ह्यांची उंची सहा फूट, माझी चार फूट अकरा इंच. तो पाट पुढे माझ्या शिलाई मशीनपाशी आला आणि आता जेवणाच्या टेबलाखाली असतो, कारण खुर्चीवर बसले की माझे पाय जमिनीला लागत नाहीत. हे इतकी वर्षं माहीत असूनही विमानाचं तिकीट काढताना आम्ही विचार केला तो फक्त ह्यांच्या गुडघ्यांचा.

लेक शिकागोला असते. मुंबईहून तीन तासांवर आखातात विमान बदलायचं आणि तिथून पुढे पंधरा तासांहून मोठं एकच उड्डाण. साताऱ्याहून रात्री नऊला गाडी काढली. खंबाटकीचा बोगदा, पुणे, एक्स्प्रेस-वे असं करत दोनच्या सुमारास विमानतळावर पोचलो. आता कळतं की तिथपर्यंतच पाच तास पाय लोंबते ठेवून बसले होते. सातारा-सांगलीकडच्या लोकांचा विमानप्रवास पोवई नाक्यावरूनच सुरू होतो असं धरा आणि फूड मॉलला चहाला उतरलात की दहा मिनिटं चाला. गाडीत झोपून राहू नका.

लांबच्या उड्डाणासाठी जादा पैसे भरून समोर भिंत असलेल्या पहिल्या रांगेतल्या दोन सीट घेतल्या होत्या. ‘पाय पसरायला भरपूर जागा,’ असं जो तो सांगतो. हे बसले, पाय लांब केले आणि जेवण येईपर्यंत घोरायलाही लागले. माझी मात्र पंचाईत. समोर सीटच नाही, म्हणजे तिच्याखाली बॅगही ठेवता येत नाही. सगळं सामान उड्डाणाआधी वरच्या कप्प्यात. भिंत इतकी लांब की पाय तिथवर पोचेना. जेवणाचा ट्रे हाताच्या दांडीत घडी केलेला असतो, त्यामुळे दांडी वर होत नाही आणि सीटही कणभर अरुंद वाटते. बाळाचा पाळणा याच भिंतीला लावतात. आमच्या रांगेतल्या बाळाने निम्म्या प्रवासात आपली हजेरी लावली. त्याच्यावर राग नाही, पण पैसे भरून काय घेतलं ते मला तेव्हा कळलं.

पर्समध्ये टेप असतेच. मोजून पाहिलं. सीटची पुढची कड जमिनीपासून सव्वासतरा इंच, माझी टाच ते गुडघ्यामागची खळगी चपलेसकट साडेचौदा. पावणेतीन इंचांचा फरक ब्लाउजच्या बाहीत चालेल, इथे नाही. पाय अधांतरी राहिले की मांडीचा सगळा भार सीटच्या कडेवर येतो, गुडघ्यामागे ती कड रुतते, रक्त खालून वर यायला अडखळतं. म्हणून माणूस पुढे सरकून बसतो, तर पाठीचा टेकू जातो. मग कंबर बोलायला लागते. मी मांडी घालून पाहिली, पण दोन्हीकडच्या दांड्यांमध्ये मांडीही पुरती मावेना. लाल एसटी परवडली. तिथे पायांखाली कुणाचं तरी गाठोडं असतंच.

फुगवायची पाय-उशी ऑनलाइन मागवली होती. आखातातल्या विमानतळावर हौसेने टम्म फुगवून पाहिली आणि हवा न काढताच वरच्या कप्प्यात ठेवली. वर गेल्यावर काढली तर ढोलकीसारखी ताणलेली! विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितकाच ठेवलेला असतो, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही वर गेल्यासारखा. त्यामुळे आत कोंडलेली हवा पाव पटीने तरी फुगते. अशी उशी वापरायचीच असेल तर वर गेल्यावर आणि थोडी सैलच फुगवा. माझ्या उशीचा उपयोगच झाला नाही. एअर होस्टेस नम्रपणे म्हणाली, ‘आमच्याकडे ही चालत नाही.’ काही कंपन्या ती चालवून घेतात, काही फक्त खिडकीच्या सीटवर, म्हणजे घाईच्या वेळी कुणाच्या वाटेत येऊ नये. समोरच्या ट्रेला अडकवायची झोळीही मिळते. तिलाही बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, आणि नसती तरी मी ती घेतली नसती. तुम्ही पाय हलवलात की पुढच्याच्या पाठीला झोका. पैसे घालण्याआधी आपल्या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर नियम बघा.

शिकागोला उतरले तेव्हा पावलांच्या भाकरी झाल्या होत्या. जोडवी निघेनात. लेकीने साबण लावून अर्ध्या तासाने काढली. बायकांनो, जोडवी घरीच काढून ठेवा, सासूबाई काही म्हणाल्या तरी. अंगठ्याही. आणि नवे बूट घालून विमानात बसू नका; पट्टा सैल करता येईल अशीच चप्पल हवी.

लेक म्हणाली, हे फक्त सुजेपुरतं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली जाहीर केलेल्या अभ्यासात चार तासांहून लांब प्रवासात सलग बसून राहिल्यास पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं आढळलं होतं. घाबरण्यासारखं नाही, निरोगी माणसांत ते प्रमाण सहा हजारांत एक इतकंच. पण ज्यांना धोका जास्त त्यांच्यात 190 सेंटिमीटरहून उंच आणि 160 सेंटिमीटरहून बुटकी माणसं आहेत. 160 म्हणजे सव्वापाच फूट. ह्यांचे सहा फूट त्या यादीत बसत नाहीत, माझे चार अकरा आरामात बसतात. हे मी ह्यांना दोनदा वाचून दाखवलं.

परतीच्या प्रवासासाठी मी तिथेच एक बॅग शिवली. जावयाच्या दोन जुन्या जीन्स, लेकीच्या शेजारणीचं मशीन. लांबी चौदा इंच, रुंदी नऊ, जाडी पाच. चारही बाजूंना दुहेरी शिवण, वर चेन. आत घड्या घातलेले कपडे ठासून भरायचे. सैल भरले तर तासाभरात बसका पापड होतो. आडवी ठेवली की पाच इंच उंची, उभी ठेवली की नऊ. सारखं एकाच उंचीवर पाय ठेवून चालत नाही, अदलाबदल हवी, म्हणून मुद्दाम दोन मापं. गोळ्या, चष्मा, पासपोर्ट यात ठेवू नका, वेगळ्या पर्समध्ये ठेवा, नाहीतर दर वेळी पाय उचला आणि उपसा.

येताना नेहमीची रांग घेतली, जादा पैसे न भरता. मोठं बोइंग 777, तीन-चार-तीन अशा दहा सीट. विमान उडताना आणि उतरताना बॅग समोरच्या सीटखाली ढकलायची, पट्ट्याचा दिवा विझला की पायाने जवळ ओढायची. कुणी काही म्हणालं नाही, कारण ती फक्त बॅग होती. पाठ पूर्ण मागे टेकून, गुडघे कमरेच्या रेषेत ठेवून मी त्या प्रवासात चार तास झोपले. जाताना चाळीस मिनिटंही झोप नव्हती.

त्या विमानात सीटखाली घडीचा पायटेकूही होता, त्यावर थोडं बोलते. सगळ्या विमानांत तो नसतो, वजन आणि जागा वाचवायला बऱ्याच ठिकाणी देतच नाहीत. असला तर ती एक आडवी दांडी असते, समोरच्या सीटच्या पायांना जोडलेली, पायाने खाली पाडायची. मी पूर्ण मागे टेकून बसले की ती जेमतेम बोटांना लागते. ह्यांच्या नडगीला ती आपटते आणि बॅग सरकवायलाही अडवते. म्हणजे मधल्या उंचीच्या माणसासाठी केलेली सोय. तिच्या भरवशावर सीट निवडू नका. उलट समोरच्या सीटखाली टीव्हीच्या यंत्रणेची पेटी आहे का ते बसल्या बसल्या बघा. एखाद्याच सीटखाली असते आणि पायाची निम्मी जागा खाते. आमच्यात ती ह्यांच्या वाट्याला आली, मग जागा बदलली.

बाकी झटपट सांगते. रांगांमधलं अंतर लांबच्या उड्डाणांत साधारण 31-32 इंच असतं, स्वस्त छोट्या विमानांत 28-29. पण बुटक्या माणसाला त्यापेक्षा रुंदी जाणवते. 777 मध्ये दहाच्या रांगेत सीट सुमारे 17 इंच, ए350 किंवा ए380 मध्ये सुमारे 18. तिकीट काढताना विमान कोणतं ते दिसतं, तेवढं बघा. आपत्कालीन दाराजवळची सीट आमच्यासारख्यांनी मागू नये. तिथेही पायाशी बॅग ठेवू देत नाहीत, आणि व्हीलचेअरची मदत घेतली असेल तर ती सीट देतच नाहीत. वाटेकडच्या सीटची बाहेरची दांडी उठत नाही असं वाटतं, पण पुष्कळदा तिच्या खालच्या बाजूला बिजागरीपाशी एक खटका असतो, तो दाबला की उठते. डोक्याची उशी खाली सरकवता येते, ती सरकवा. नाहीतर बुटक्याची मान सारखी पुढे ढकलली जाते. विमानातली शाल कंबरेमागे, पांघरायला घरची.

पोटरी आवळून धरणारे दाबाचे मोजे घालायचे तर डॉक्टरांना विचारून, घोटा आणि पोटरी मोजूनच घ्या. माझे मी अंदाजाने घेतले होते, ते गुडघ्याखाली काचले. आणि तासा-दीड तासाने टाच-बोटं वर-खाली करा. मशीनचं पॅडल मारल्यासारखं केलं की झालं.

बॅगेत एक चूक राहिली. तळाला रेक्झिन लावायला हवं होतं. शौचालयाजवळच्या रांगेत जमीन ओली होते आणि जीन्स ते पाणी पिते. दुसरी शिवायला घेतली आहे, सांगलीच्या नणंदेसाठी. ती पाच फूट एक इंच आहे, तिला चार इंच जाडी पुरेल.