तुम्ही विचारलंत म्हणून: सुपरवायझर झालो, आता चांगला लीडर कसा होऊ?

चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात नवीन सुपरवायझर झालेल्या मुलामुलींना मी शिकवते. सेशन संपलं की जिन्यात, कॅन्टीनमध्ये, नंतर व्हॉट्सॲपवरसुद्धा तोच प्रश्न येतो, मॅडम, कालपर्यंत ज्यांच्याबरोबर लाईनवर उभा होतो त्यांचाच सुपरवायझर झालोय, पोरं ऐकत नाहीत, चांगला लीडर व्हायला काय करू? एकेकाला सांगताना अर्धं राहून जातं म्हणून आज सगळं एकदम लिहिते.

पोरं तुमचं ऐकतात का ही काळजी आधी बाजूला ठेवा आणि पोरं तुम्हाला काही सांगतात का ते बघा. लाईनवर काही बिघडलं तर ते तुमच्या कानावर किती वेळात येतं? दहा मिनिटांत, शिफ्ट संपताना, की कस्टमरकडून कंप्लेंट आल्यावर? मी एखाद्या सुपरवायझरला जोखते ते एवढ्यावरच. इंग्लिश कसं आहे, आवाज मोठा आहे का, प्रेझेंटेशन येतं का, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

एक नेहमीचा प्रकार घ्या. ड्रिलिंगचं टूल बोथट झालं आणि भोकाच्या कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कडा, राहायला लागली, ऑपरेटरला हाताला लागतेय, त्याला कळलंय, पण तो बोलत नाही कारण गेल्या महिन्यात ज्याने असंच काही सांगितलं त्याला सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं होतं, आणि हा तर कॉन्ट्रॅक्टवरचा, सात महिने झाले की ब्रेक देतात, त्याला कशाला नसती पीडा. मग अख्ख्या शिफ्टचा माल तसाच पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी चार माणसं दिवसभर सॉर्टिंगला, म्हणजे चांगले-खराब पीस वेगळे करायला, बसतात. आता सांगा, यात मशीन बिघडलं हा भाग किती आणि माणूस गप्प बसला हा भाग किती? टूल तर बोथट होणारच, ते त्याचं आयुष्यच आहे.

म्हणून मी मुलांना सांगते की कुणी वाईट बातमी घेऊन आलं तर पहिल्या मिनिटाला तुमच्या तोंडातून काय निघतं ते सांभाळा. 'कुणी केलं?' हा प्रश्न आला की संपलं, पुढच्या वेळी तो माणूस येणार नाही आणि बघणारे दहा जणही येणार नाहीत. त्याऐवजी 'कधीपासून दिसतंय? किती पीस पुढे गेले?' हे विचारा आणि त्याच्याबरोबर मशीनपाशी चालत जा, फोनवर मेंटेनन्सला सांगतो म्हणून खुर्चीत बसून राहू नका. सांगणाऱ्याला, बरं झालं आत्ता सांगितलंस, एवढं तिथेच म्हणा. कारण शोधायचं ते नंतर, माल अडवून झाल्यावर.

टोयोटाची दोरी सगळ्यांनी ऐकलेली असते. लाईनवरच्या कुणालाही काही खटकलं तर ती ओढायची, की दिवा लागतो. पण दोरी ओढली की लाईन लगेच थांबते असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत प्रश्न सुटला नाही तरच लाईन थांबते. यामागचा विचार मोटारींच्याही आधीचा आहे, साकिची टोयोडांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला तो धागा तुटला की आपोआप थांबायचा, खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांनी अँडॉनचे, म्हणजे असेच इशाऱ्याचे, दिवे बसवले, खर्च केला, पण लाल दिवा लागल्यावर कुणी येतच नाही अशा लाईनी मी पाहिल्यात, तिथे ऑपरेटर पंधरा दिवसांत बटण दाबायचं सोडून देतो. माणूस येतो म्हणून त्या दिव्याला किंमत.

हे फक्त कारखान्याचंच आहे असं नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता, तो १९९६ मध्ये छापून आला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती आणि आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नोंदीत चुका जास्त! खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या वॉर्डांत नर्सेस चुकांबद्दल उघड बोलत होत्या, बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या लाईनचं निअर-मिस रजिस्टर, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही, महिनाभर कोरं असेल तर खूश होऊ नका, आधी विचारा की लिहायला कुणाला भीती वाटतेय का.

इथे लगेच कुणीतरी विचारतं, मॅडम मग काय सगळं माफ करायचं का? अजिबात नाही. चुकून झालं, शिकवलंच नव्हतं म्हणून झालं, आणि मुद्दाम केलं, या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, तिन्हीला एकच काठी लावू नका. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर दोन हातांची बटणं असतात ती हात डायखाली, म्हणजे दाबणाऱ्या साच्याखाली, जाऊ नये म्हणून, त्यातलं एक बटण टेप लावून दाबून ठेवलेलं दिसलं तर मशीन तिथल्या तिथे बंद करा, डिस्पॅच गेलं तरी चालेल, यावर माझ्याशी कुणी वाद घालू नये. पावर प्रेसवर बोटं गेलेली माणसं या पट्ट्यात आहेत, बोट एकदा गेलं की गेलं. पण मशीन बंद केल्यावर हेही विचारा की टेप का लावला, बहुतेक वेळा उत्तर येतं की तासाचं टार्गेट दोन हातांनी होतच नाही, आणि ते टार्गेट तर आपणच फळ्यावर लिहिलेलं असतं.

शिकवणं हा यातलाच भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत नवी माणसं भराभर घ्यावी लागली, तेव्हा सुपरवायझरांसाठी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम काढला होता, युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटानेही घेतला. त्यात माणसं सांभाळायची चार सूत्रं होती, आजही जशीच्या तशी लागू पडतात: प्रत्येकाला त्याचं काम कसं चाललंय ते सांगा, चांगलं केलं तर श्रेय द्या, ज्या बदलाचा त्याला फटका बसणार तो आधी कळवा, आणि त्याच्यातलं कसब पुरेपूर वापरा. तिसऱ्यावर आपण सर्रास घसरतो. आपल्याकडे गुरुवारची सुट्टी, आणि बुधवारी संध्याकाळी सहाला सांगायचं की उद्या यायचंय. ओव्हरटाईमचा दुप्पट दर १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासून आहे, पैसे मिळतात हे खरं, पण त्या माणसाने गावाला जायचं ठरवलं होतं, पोराला दवाखान्यात न्यायचं होतं, त्याचं काय? सोमवारी अंदाज असेल तर सोमवारीच सांगा, नक्की नसेल तर नक्की नाही म्हणून सांगा.

मित्रांचं काय करायचं हे पण विचारता. डबा त्यांच्याबरोबरच खा, फक्त रजा आणि ओव्हरटाईम कुणाला किती दिला ते बोर्डावर लावून टाका.

आता सगळ्यात अवघड. खाली तुम्ही कितीही चांगले असलात तरी टीम एक गोष्ट बघत असते, की त्यांनी तुम्हाला सांगितलेलं तुम्ही वर सांगता का. मॅनेजर डिस्पॅचसाठी मागे लागलेला असताना 'सर, हा लॉट नाही सोडता येणार' हे म्हणायला पोटात गोळा येतो, मला माहितीय. पण तिथे गप्प बसलात की ऑपरेटरने बोलूनही काही उपयोग होत नाही आणि त्याला ते लगेच कळतं. म्हणून वर जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, खराब पीस हातात घ्या, कितीपासून किती नंबरचा माल संशयित आहे ते लिहून न्या, सॉर्टिंगला किती तास लागतील आणि त्यातला चांगला माल किती वाजता देता येईल ते सांगा, 'नाही' म्हणताना 'चार वाजता इतके देतो' हेही असू दे. पहिल्या वेळी कदाचित ओरडा बसेल. तरी परत लाईनवर या आणि ज्याने सांगितलं होतं त्याला काय ठरलं ते स्वतः जाऊन सांगा, निर्णय त्याच्या मनासारखा झाला नसला तरीही.